बॅक दाबणाऱ्याची बाजू

या पुस्तिकेची सुरुवात फर्दापूरच्या एका लॉजच्या काउंटरवर झाली, आणि तीही माझ्याच चुकीने. डिसेंबरातला शनिवार होता. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी या गावात पाय ठेवायला जागा नसते. शाळांच्या सहली, भुसावळ-जळगावकडून आलेली कुटुंबं, सिल्लोडवरून घाट उतरून आलेल्या गाड्या. लॉजच्या बारा खोल्यांच्या बुकिंगसाठी मी जावामध्ये एक छोटं अ‍ॅप्लिकेशन करून दिलं होतं आणि त्याचा मला बराच अभिमानही होता. रात्री साडेनऊला मॅनेजरचा फोन आला. "सर, दोन खोल्या मोकळ्या पडल्यात आणि तुमचा कॉम्प्युटर म्हणतो फुल्ल. संध्याकाळपासून चार पार्ट्या परत लावल्या मी."

भुसावळच्या एका गृहस्थांनी दोन खोल्या घेतल्या होत्या. यादीत त्यांच्या नावावर चार दिसत होत्या. गृहस्थ शपथेवर सांगत होते की मी बुकिंग एकदाच केलं. फक्त नाव बरोबर पडलंय का ते बघायला मागे गेलो आणि पुन्हा पुढे आलो. मला ते तेव्हा पटलं नाही. दोन दिवसांनी सर्व्हरचा लॉग उघडला, तेव्हा एकाच फॉर्मच्या दोन नोंदी चाळीस सेकंदांच्या अंतराने पडलेल्या दिसल्या. गृहस्थ खरं बोलत होते. मॅनेजरला कारण समजावून सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे मागं जाऊन नुसतं बघितलं की खोली दुप्पट? मग आमचं रजिस्टर बरं. त्यात पान उलटलं म्हणून नवीन नाव लिहिलं जात नाही."

पुढच्या सगळ्या प्रकरणांत मी जे सांगणार आहे ते त्याने दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं. पण ते कळायला मला वेळ लागला. पहिली दुरुस्ती मी केली ती सगळेच करतात ती: पानावर लाल अक्षरांत 'कृपया बॅकचं बटण दाबू नका' असं लिहिलं. दुसरी त्याहून वाईट. जावास्क्रिप्टच्या दोन ओळी टाकून मागे जाणाऱ्याला बळेच पुढे ढकलण्याची सोय केली. दाराला कडी नाही म्हणून दारात म्हैस बांधावी, तसला प्रकार. काही ब्राउझरांत ती चाले, काहींत चालत नसे, आणि जिथे चाले तिथे माणूस त्या पानात अडकून बसे.

आपल्याकडे ही सूचना इतकी मुरली आहे की लोक आता ती न वाचताच पाळतात. पैसे भरायच्या कुठल्याही पानावर 'बॅक किंवा रिफ्रेश करू नका' असतंच. गावोगावच्या ऑनलाइन केंद्रांत तर तो जवळजवळ शिष्टाचार झाला आहे. जुलैमध्ये पीक विम्याच्या आणि शिष्यवृत्तीच्या दिवसांत अशा एखाद्या केंद्रात तासभर बसून बघा. समोरच्या बाकावर सात-आठ माणसं, हातात सातबारा, आधार, पासबुकाची झेरॉक्स. ऑपरेटर पोराचं एक बोट माउसवर आणि नजर पडद्यावर फिरणाऱ्या गोलावर. "काका, ओटीपी आला का?" "आला, पण चष्मा घरी राहिला." तेवढ्यात नावातली वेलांटी चुकलेली दिसते. साहजिक आहे की मागे जाऊन ती दुरुस्त करावी. पण पोरगा जात नाही. तो सगळं बंद करतो, पुन्हा लॉगिन करतो, एकोणीस रकाने पुन्हा भरतो. विचारलं तर म्हणतो, "बॅक मारलं की सेशन जातं, भाऊ." त्याने हा नियम कुठे वाचलेला नाही. हात पोळून शिकलेला आहे.

माझ्या मते 'बॅक दाबू नका' ही वापरणाऱ्याला दिलेली सूचना नसतेच मुळी. ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने दिलेली कबुली असते.

मागे जाणं हे काही आडवळणाचं वागणं नाही. जॉर्जिया टेकमध्ये कॅटलेज आणि पिटको यांनी १९९५ साली लोकांच्या ब्राउझिंगचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात एकूण कृतींपैकी ४१ टक्के वेळा लोक मागे जात होते. १९९७ मध्ये टॉशर आणि ग्रीनबर्ग यांच्या अभ्यासात हा आकडा ३० टक्क्यांच्या आसपास आला, आणि शंभरातली ५८ पानं आधी पाहिलेलीच निघाली. पुढे टॅब आले, नव्या खिडक्या आल्या आणि २००६ च्या सुमारास प्रमाण १४ टक्क्यांवर उतरलं. तरीही ब्राउझरच्या सगळ्या बटणांत याचा खप मोठाच. आणि आता तर ते ब्राउझरचं बटणही राहिलेलं नाही. मोबाइलवर ते फोनचंच आहे; कडेवरून अंगठा आत सरकवला की झालं. जे बटण तुमच्या पानाच्या मालकीचंच नाही ते तुम्ही काढून कसं घेणार?

मुळात गोची अशी की मागे जाणं सर्व्हरला ऐकू येत नाही. एचटीटीपीमध्ये सर्व्हरला फक्त विनंती कळते: अमुक पान द्या, अमुक माहिती घ्या. विनंती संपली की ओळख संपली. ही विस्मृती झाकायला लू मॉन्टुलीने १९९४ साली नेटस्केपमध्ये कुकी आणली, आणि १९९७ पासूनच्या जावा सर्व्हलेटांनी तिच्यावर सेशनचा मजला चढवला. जेसेशनआयडी नावाची एक चिठ्ठी ब्राउझरकडे आणि त्या चिठ्ठीच्या नावाचा कप्पा सर्व्हरकडे. तेव्हापासून एकाच व्यवहाराच्या दोन आठवणी तयार झाल्या. ब्राउझर आपण पाहिलेल्या पानांची चळत सांभाळतो. सर्व्हर आपल्या कप्प्यात 'हा माणूस आता तिसऱ्या पायरीवर आहे' असं लिहून ठेवतो. माणूस बॅक दाबतो तेव्हा ब्राउझर चळतीतलं खालचं पान वर काढतो. सर्व्हरला पत्ता नाही. त्याच्या लेखी माणूस अजून तिसऱ्या पायरीवरच उभा आहे.

इथे मला फर्दापूरच्या शेजारची एक गोष्ट कामाला येते. १८४४ पासून रॉबर्ट गिल अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होता. त्या लंडनला पाठवल्या आणि १८६६ च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले, १८७२ पासून पुन्हा नकला झाल्या, आणि त्यांतल्याही कितीतरी १८८५ च्या आगीत गेल्या. ज्या उरल्या त्या मोलाच्या आहेत, कारण भिंतीवरचा जो रंग पुढे उडून गेला तो त्यांच्यात अजून दिसतो. अभ्यासक त्या बघतात ते 'त्या वेळी काय होतं' हे समजून घ्यायला. नक्कल पाहिली म्हणून भिंतीवर रंग परत चढेल अशी कुणाची समजूत नसते.

ब्राउझरचा मागचा प्रवास असाच असावा, हे एचटीटीपीच्या १९९९ च्या नियमावलीत, आरएफसी २६१६ मध्ये, स्पष्ट लिहिलं होतं. इतिहास वेगळा आणि कॅश वेगळी. मागे जाणाऱ्याला त्याने तेव्हा पाहिलेलं पान दाखवावं, आजची ताजी स्थिती आणून देण्याचा आटापिटा करू नये. म्हणजे नियम मॅनेजरच्या रजिस्टरचाच. पान उलटलं की जुनं पान दिसलं पाहिजे. मग माझ्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये पान उलटल्यावर नवीन नाव कसं लिहिलं गेलं?

कारण मी त्या काळच्या बहुतेक जावा पुस्तकांत शिकवलेली पद्धत वापरली होती. फॉर्म भरला, पोस्ट झाला, सर्व्हलेटने खोली नोंदवली आणि तिथल्या तिथे फॉरवर्ड करून पावतीची जेएसपी दाखवली. वरवर पाहता निर्मळ. पण फॉरवर्ड हा सर्व्हरच्या पोटातला कारभार आहे, ब्राउझरला तो दिसत नाही. ब्राउझरच्या लेखी ते पावतीचं पान म्हणजे 'बुकिंग करा' या पोस्टचं उत्तर. त्याच्या वहीत पावतीचा पत्ता नोंदला जात नाही, पोस्ट नोंदली जाते. त्यात मी मोठ्या हुशारीने पावतीवर 'साठवू नका' असा हेडर लावला होता. भुसावळचे गृहस्थ मागे गेले, नाव पाहिलं, पुढे आले. पुढचं पान साठवलेलं नाही, म्हणून ब्राउझरने ते परत मागवायचं ठरवलं, आणि मागवायचं तर पोस्ट पुन्हा पाठवायला हवी. माहिती पुन्हा पाठवायची का, असं त्याने बिचाऱ्याने विचारलंही. त्या इंग्रजी चौकटीत काय लिहिलंय ते कोण वाचतो? गृहस्थांनी ओके केलं.

यावरचा उतारा जुना आहे आणि सोपा आहे. पोस्टला पान उत्तर म्हणून द्यायचंच नाही. काम उरकायचं आणि ब्राउझरला सांगायचं, 'पावती अमुक पत्त्यावर आहे, तिकडे जा.' यासाठीच एचटीटीपी १.१ मध्ये, १९९७ साली, ३०३ हा वेगळा कोड आला. जावामध्ये सेंडरीडायरेक्ट केलं की परंपरेने ३०२ जातो, पण ब्राउझर वर्षानुवर्षं ३०२ चाही अर्थ ३०३ सारखाच लावत आल्याने व्यवहारात चालून जातं. पोस्टला उत्तर म्हणून रीडायरेक्ट आलं की त्या पोस्टची इतिहासात वेगळी नोंद राहत नाही. चळतीत फॉर्म आणि पावती, दोन्ही नुसती बघायची पानं. मागे-पुढे करा, रिफ्रेश करा, खोल्या वाढत नाहीत. मायकेल जुरावलेव्हने २००४ मध्ये 'रीडायरेक्ट आफ्टर पोस्ट' या लेखात हे जावावाल्यांसाठी तपशिलात मांडलं आणि तेव्हापासून पोस्ट-रीडायरेक्ट-गेट हे नाव रूढ झालं. स्प्रिंगने ३.१ या आवृत्तीत फ्लॅश अ‍ॅट्रिब्यूट दिले, त्यामुळे 'बुकिंग झालं' हा निरोप रीडायरेक्ट ओलांडून पलीकडच्या पानापर्यंत, फक्त एकदाच, पोचवता येऊ लागला. एक खोडी मात्र लक्षात ठेवा. पावतीला आता स्वतःचा पत्ता आहे. त्यातला क्रमांक बदलून शेजारच्या खोलीवाल्याची पावती दिसत असेल, तर तुम्ही एक भोक बुजवून दुसरं पाडलंत.

बरेच जण इथे थांबतात. मीही थांबलो होतो.

पण माणूस पावतीवरून मागे येऊन फॉर्मवर पोचतो, फॉर्म भरलेलाच दिसतो, खाली 'बुक करा' हे बटणही असतं, आणि तो ते दाबतो. ही नवी, खरीखुरी पोस्ट आहे. रीडायरेक्ट इथे काही करू शकत नाही. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या मद्रासच्या घोडदळातल्या अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख आपल्या नावासकट कोरून ठेवली आहे. आज ते नाव माणसाच्या नजरेच्या बरंच वर आहे, कारण तो उभा होता तेव्हा लेण्यात राडारोडा साचलेला होता आणि तो त्या ढिगावर उभा होता. जमीन खाली गेली, कोरलेलं वर राहिलं. जुना फॉर्म म्हणजे तो ढीग. त्यावर उभं राहणाऱ्याला वाटतं आपण जमिनीवरच आहोत. सर्व्हरची जमीन केव्हाच खाली गेलेली असते. आणि पोस्ट म्हणजे कोरणं. बघणाऱ्यांनी कितीही फेऱ्या मारल्या तरी खांब तोच, पण ज्याच्या हातात छिन्नी आहे त्याला दुसऱ्यांदा कोरू द्यायचं की नाही हे खांबाजवळच ठरवावं लागतं.

यासाठीची युक्ती एसटीतून प्रवास केलेल्या माझ्या पिढीला समजावून सांगावी लागत नाही. मशिनं येण्याआधी कंडक्टरकडे तिकिटांचा ट्रे आणि एक पंच असायचा. टिकटिक करत तो यायचा, तिकिटाला भोक पाडायचा. भोक पडलेलं तिकीट पुन्हा विकता येत नाही. फॉर्म दाखवताना सर्व्हरने एक क्रमांक, टोकन, तयार करून सेशनमध्ये ठेवायचा आणि तोच फॉर्मच्या एका लपलेल्या रकान्यात घालायचा. फॉर्म परत आला की दोन्ही ताडून बघायचे आणि त्याच क्षणी सेशनमधलं टोकन पुसायचं. म्हणजे भोक पाडायचं. इतिहासातून उकरून काढलेला जुना फॉर्म भोकाचं तिकीट घेऊन येतो आणि पकडला जातो. स्ट्रट्समध्ये, म्हणजे क्रेग मॅक्लानाहनने २००० च्या सुमारास अपाचेला दिलेल्या त्या चौकटीत, सेव्हटोकन आणि इजटोकनव्हॅलिड या नावांनी हे तयारच मिळायचं. कितीतरी जणांनी ते कधी वापरलंच नाही, आणि मी त्यांच्यातलाच.

यातली मेख 'त्याच क्षणी' या शब्दांत आहे. ताडणं आणि पुसणं यांच्यात श्वासाएवढी जरी फट राहिली, तरी डबल क्लिक करणाऱ्याच्या दोन्ही विनंत्या त्या फटीतून आत जातात. आधी दोघांचं ताडून झालं, मग दोघांचं पुसून झालं, दोन खोल्या गेल्या. म्हणून ते काम एका कुलपाखाली व्हायला हवं. दुसरी गोष्ट, पकडलेल्या माणसाशी कसं वागायचं. 'अवैध विनंती' असं खेकसणारं पान दाखवणं सोपं आहे, पण तो काही चोर नाही. स्ट्रट्स २ मधला टोकनसेशन नावाचा इंटरसेप्टर अशा वेळी पहिल्या विनंतीचाच निकाल पुन्हा समोर ठेवतो. मला ही रीत फार आवडते. दुसऱ्यांदा आलेल्या पाहुण्याला चहा विचारावा तशी.

तरी शेवटची राखण डेटाबेसकडेच हवी. सर्व्हर दोन झाले, सेशन मधेच संपलं, की टोकनची खात्री राहत नाही. मी आता फॉर्मचा क्रमांक बुकिंगच्या टेबलातच एका स्तंभात ठेवतो आणि त्या स्तंभावर 'एकमेव' असं बंधन घालतो. तोच क्रमांक घेऊन दुसरी ओळ आली तर डेटाबेस ती नाकारतो. कोड ती चूक झेलतो आणि पहिली पावती दाखवतो. कुणी विचारेल, नाव आणि तारखेवरच बंधन घातलं तर? घालून पाहिलं. शाळेच्या सहलीचे सर आधी मुलींसाठी चार खोल्या घेतात, मग त्याच नावावर, त्याच तारखेला मुलांसाठी आणखी चार. ते दोन खरे व्यवहार आहेत. नावावरून हा फरक कळत नाही, फॉर्मवरून कळतो. नवा फॉर्म उघडला, नवा क्रमांक. जुनाच फॉर्म परत आला, जुनाच क्रमांक. दुरुस्तीच्या फॉर्मसाठी वेगळी काळजी लागते. तिथे जेपीएमधलं व्हर्जन हे चिन्ह उपयोगी पडतं: तुम्ही पाहिलेली ओळ दरम्यान बदलली असेल तर तुमचं शिळं पान तिच्यावर लिहू शकत नाही.

अनेक पायऱ्यांच्या फॉर्मचं प्रकरण या पुस्तिकेत सगळ्यात लांबलं आहे, कारण जावावाल्यांनी सर्वाधिक डोकं तिथे फोडलं आहे. मोह असा होतो की सगळ्या पायऱ्यांची माहिती सेशनमधल्या एकाच वस्तूत भरावी. मग कुणीतरी दोन टॅब उघडतो. एकात फर्दापूरची खोली, दुसऱ्यात वेरुळची, आणि सेशन एकच. शेवटी वेरुळच्या तारखेला फर्दापूरची खोली बुक होते. स्प्रिंग वेब फ्लोने यावर पत्त्यातच ई१एस२ अशी खूण ठेवायचा मार्ग काढला: पहिला प्रवास, दुसरा टप्पा. मागे गेलात की पत्ता ई१एस१ होतो आणि सर्व्हर त्या टप्प्याचं जपून ठेवलेलं चित्र काढतो. इथे प्रथमच बॅक सर्व्हरला ऐकू येऊ लागलं असं म्हणता येईल. जेएसएफची तऱ्हा निराळी. त्यात पत्त्याची पट्टी नेहमी एक पाऊल मागे असते, आणि मोजारा ही त्याची मूळ अंमलबजावणी सेशनमध्ये ठरावीक पानांचीच स्थिती जपते, मुळात १५. पंधराच्या मागे कुणी गेलं की 'पान कालबाह्य' ही ठेच. ज्यांनी जेएसएफमध्ये दहा वर्षं काढली आहेत त्यांना मी आणखी काय सांगणार? त्यांनी ते पान उलटून पुढे जावं.

लॉगआउटबद्दल मात्र मी कुणालाही पुढे जाऊ देणार नाही. आपल्याकडचा कॉम्प्युटर एकट्याचा नसतो. त्या ऑनलाइन केंद्रात एका खुर्चीवर दिवसभरात चाळीस माणसं बसून जातात. एकीचं काम झालं, लॉगआउट केलं, ती उठली. पुढच्याने सहज दोनदा बॅक दाबलं, तर तिचा आधार क्रमांक, खाते क्रमांक, मुलाचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र पडद्यावर. सेशन संपलेलं असतं, तो काही करू शकत नाही, पण बघू शकतो, आणि बघणं पुरेसं आहे. यावर लोक 'नो-कॅश' लावतात आणि निर्धास्त होतात. नाव फसवं आहे. नो-कॅशचा अर्थ साठवा, पण वापरण्यापूर्वी सर्व्हरला विचारा. आणि इतिहासातून मागे जाताना विचारण्याचं बंधन ब्राउझर मानतोच असं नाही. साठवूच नका, असं सांगणारा शब्द 'नो-स्टोअर'. तो लॉगआउटच्या पानावर लावून उपयोग नाही, तो त्या खासगी पानांवरच, ती पाठवताना, लागला पाहिजे. सर्व्हलेट २.३ पासून मिळालेल्या फिल्टरमध्ये चार ओळींत हे होतं. स्प्रिंग सिक्युरिटी न सांगताच करते.

इथे वाचक मला पकडेल. पावतीवर नो-स्टोअर लावल्यानेच तर भुसावळची भानगड झाली ना? झाली, पण ती पोस्टच्या उत्तराला लावल्यामुळे. रीडायरेक्टने आलेल्या पानाला लावा. मागे-पुढे करताना ते नव्याने मागवलं जाईल आणि मागवणं म्हणजे फक्त बघणं. औषध तेच, पोट वेगळं.

ब्राउझरही स्वस्थ बसलेले नाहीत. फायरफॉक्सने १.५ या आवृत्तीपासून, २००५ मध्ये, अख्खं पान जिवंत गोठवून ठेवायला सुरुवात केली; क्रोमने अँड्रॉइडवर २०२० मध्ये आणि डेस्कटॉपवर २०२१ मध्ये तेच केलं. मागे गेलात की पान पुन्हा सुरू होत नाही, जागं होतं. त्यातून एक गंमत होते. डबल क्लिक टाळायला आपण 'बुक करा' हे बटण पहिल्या दाबण्यातच फिकं करून टाकतो. माणूस वेलांटी सुधारायला मागे येतो तर बटण फिकंच. वेलांटी सुधारते, पण पाठवणार कशी? पेजशो ही घटना पकडून, पान गोठलेल्यातून उठलंय का ते तपासून, बटण परत जिवंत करावं लागतं.

पैशाच्या व्यवहारात ब्राउझरवर विसंबणं हाच मूळ दोष. माणूस बँकेच्या पानावर पैसे देतो आणि परत यायच्या आधी बॅक दाबतो, किंवा फर्दापूरच्या घाटात रेंज जाते. खात्यातून पैसे गेले, आपल्याकडे पावती नाही. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार कार्डाने ऑनलाइन केलेल्या अशा व्यवहारात पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप परत यायला हवेत, पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. ठीक आहे, पण त्या रात्री खोली कुणाची? म्हणून ब्राउझर परत आला की काम पूर्ण, असं कधीच धरू नये. गेटवेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला थेट कळवतो ते ऐकावं. नाही कळवलं तर आपण होऊन विचारावं. आणि तोवर खोली 'थांबलेली' दाखवावी.

पुस्तिकेत सगळी उदाहरणं त्या एकाच लॉजची आहेत. बारा खोल्या, एक मॅनेजर, एक रजिस्टर. कोड जकार्ताच्या नावाने लिहिला आहे, पण जुन्या जाव्हाक्स नावावर ज्यांचं काम चालू आहे त्यांनी नुसतं नाव बदलून वाचलं तरी चालेल. अजून कित्येक कार्यालयांत तोच कोड पगारपत्रकं काढतो आहे. पुढचा भाग रिअ‍ॅक्टमध्ये आणि मागे फक्त जावा अशा रचनेवर एक छोटं प्रकरण आहे. तिथे पानंच नसतात, इतिहास आपल्यालाच पुशस्टेटने रचावा लागतो, आणि न रचल्यास एका बॅकमध्ये माणूस थेट घराबाहेर जातो. शब्दांबद्दल इतकंच की 'पश्चगमन कळ' असं मी कुठेही लिहिलेलं नाही. आमच्याकडे लोक 'बॅक मारतात', तेच लिहिलं आहे.

अ‍ॅप्लिकेशनची नवी आवृत्ती घेऊन मी फर्दापूरला एका सोमवारी गेलो. लेणी बंद, टी पॉइंटवर बसगाड्या निवांत, लॉजमध्ये दोन वऱ्हाडी पाहुणे सोडता शुकशुकाट. मॅनेजरने स्वतःच्या नावावर एक खोली घेतली. बॅक मारलं, पुन्हा बुक केलं. 'हे बुकिंग आधीच झालेलं आहे' असं म्हणत पहिली पावती समोर आली. मग त्याने खिशातला मोबाइल काढला आणि त्यावर दुसरी खोली घेताना बटण मुद्दाम चार वेळा बडवलं. यादीत एकच ओळ वाढली. त्याने रजिस्टर उघडलं, दोन नावं लिहिली, पडद्याशी ताडून बघितली आणि मान हलवली. मला चहा सांगितला. मग खुर्ची पुढे ओढत म्हणाला, "आता ह्या दोन काढून टाकतो, उगाच खोल्या अडकल्या," आणि बॅक मारलं.

रद्द करायचं बटण मी केलंच नव्हतं.